डाव्या मागच्या सीटवरून: एका आलिशान गाडीच्या टायरबदलाचं प्रकरण

ही गाडी माझ्याकडे टायरसाठी आलीच नव्हती. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी दर पंधरवड्याला आईला घेऊन बेळगावात डॉक्टरांकडे येतात. आम्ही त्यांना सावकार म्हणतो आणि त्यांच्या आईला आक्का. आक्का तपासणीला आत गेल्या की दोन-अडीच तास मोकळे मिळतात. अशाच एका दुपारी सावकारांनी उद्यमबागेजवळ खानापूर रस्त्याला असलेल्या आमच्या दुकानासमोर गाडी लावली आणि म्हणाले, "मागचे शॉकअप बघा जरा. बदलायचे झाले तर बदलून टाका. गाडी लई उडायलीय."

गाडी जर्मन बनावटीची मोठी सेडान. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, ६२ हजार किलोमीटर चाललेली, अंगावर ओरखडा नाही. अठरा इंची अलॉय, त्यावर कारखान्यातूनच आलेले टायर, माप २४५/४५ आर१८. एका ठिकाणी त्यांना चारही शॉकअप, वरचे माउंट आणि मजुरी मिळून एक लाख साठ हजारांचा अंदाज दिला होता. पैशांची त्यांना अडचण नव्हती. अडचण वेगळी होती आणि ती सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

आक्कांचं वय चौऱ्याहत्तर. हाडं ठिसूळ झालीत, आदल्या वर्षी पाठीच्या एका मणक्याला फ्रॅक्चर झालं होतं. आईला त्रास होऊ नये म्हणूनच सावकारांनी ही गाडी घेतली. आधीची साधी हॅचबॅक त्यांनी पुतण्याला दिली. तर या गाडीत आक्का सहा महिने काही बोलल्या नाहीत. एक दिवस ड्रायव्हर मामांना म्हणाल्या, "त्याला सांगू नका, पण जुन्या गाडीत एवढं दुखत नव्हतं." मामांनी अर्थातच सांगितलं. पोराने एवढी मोठी गाडी आपल्यासाठी घेतली, त्याला वाईट वाटू नये म्हणून आई दुखणं गिळत होती. हे कळल्यावर सावकार दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं मामाच मला नंतर म्हणाले.

मी ही हकिगत मुद्दाम आधी सांगतोय. आमच्या धंद्यात गाडीची तक्रार जो चालवतो तो सांगतो, आणि स्टीअरिंग धरून बसलेल्या माणसाला गाडी वेगळीच लागते. पुढची सीट, मागची सीट, उजवी बाजू, डावी बाजू, चारही ठिकाणी गाडी सारखी नसते. दुखणं मागच्या सीटवर असेल तर गाडी मागच्या सीटवर बसूनच तपासली पाहिजे.

पहिल्या दिवशी मी शॉकअपला हात लावण्याआधी हवा मोजली. माझ्याकडचा पोरगा बैलहोंगलकडचा आहे. गेज लावून तो म्हणाला, "गाळी भाळ ऐत्री." हवा फार आहे. पुढच्या टायरांत ४१, मागच्यांत ४३ पीएसआय. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीची पट्टी असते, तिच्यावर चार माणसांच्या आतल्या वजनासाठी पुढे ३२ आणि मागे ३५ लिहिलेलं होतं. अर्थात गाडी निपाणीहून पंचाहत्तर किलोमीटर धावून आली होती, टायर गरम होते, त्यातला काही भाग उष्णतेचा होता. टायरमधली हवा दर १० अंशांनी तापली की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. म्हणून पट्टीवरचा आकडा नेहमी थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतरचा. गाडी सावलीत उभी केली, आक्कांची तपासणी लांबली होती, तेवढ्या वेळाने पुन्हा मोजलं. ३८ आणि ४०. म्हणजे थंड असतानाच पाच-सहा पीएसआय जास्त.

मामांना विचारलं. ते म्हणाले, वाटेत पंपावर भरतो, हवा भरणारा पोरगा म्हणाला गाडी मोठी आहे, हायवेला चाळीस पाहिजे. आपल्याकडे ही समजूत इतकी घट्ट बसलीय की काय सांगावं. गाडी मोठी म्हणून हवा जास्त असं काही नसतं. मोठ्या गाडीचा टायरही रुंद असतो, वजन जास्त जागेवर पसरतं. किती हवा भरायची हे त्या गाडीचं वजन आणि त्या टायरचं माप यावरून ठरतं, आणि ते कंपनीने ठरवून पट्टीवर छापलेलं असतं. उलट हवा वाढली की टायर मधोमध फुगतो, जमिनीला कमी टेकतो, मधली गोटी, म्हणजे टायरची रस्त्याला टेकणारी नक्षी, आधी झिजते आणि ब्रेकची पकडही कमी होते.

हवा पट्टीप्रमाणे केली. गाडी रॅम्पवर घेतली. शॉकअप कोरडे होते, तेल कुठे गळत नव्हतं, कोपरा दाबून सोडला की गाडी एकदाच वर येऊन बसत होती. डाव्या पुढच्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशला (रबरी जोडाला) बारीक चिरा दिसल्या. त्या मी वहीत लिहून ठेवल्या, पण बुश बदलला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा वडिलांनी घालून दिलेला नियम आहे. दोन गोष्टी बदलल्या आणि फरक पडला, तर कशाने पडला ते कधीच कळत नाही. सावकारांना म्हटलं, शॉकअपचे पैसे आज खर्च करू नका. पंधरा दिवस असंच चालवा, आणि पुढच्या वेळी मला आक्कांशी बोलू द्या.

पुढच्या खेपेला आक्का दुकानात आल्या. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हटलं, "आक्का, कसं वाटलं?"

"अर्धं कमी झालंय बघ. पण आहे अजून."

"कुठे दुखतंय जास्त? ब्रेकरला?"

"ब्रेकरला काही नाही रे बाबा, मामा हळू घेतात. ते बारीक बारीक टोचतंय. सुई टोचल्यागत, रस्ता संपेपर्यंत. मोठा खड्डा आला तर मी आधीच हाताने सीट धरते. ह्याला काय धरायचं?"

आक्कांचं हे वाक्य माझ्यासाठी कुठल्याही यंत्राच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचं होतं. गाडीत दोन जातीचे धक्के असतात. एक मोठा, संथ: स्पीडब्रेकर, खचलेला रस्ता, पुलाकडे चढणारी उंचवट. त्यावर गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली झोके घेतं. हे काम स्प्रिंग आणि शॉकअपचं. दुसरा लहान, तीक्ष्ण: काँक्रीटचे सांधे, ठिगळांच्या कडा, खडी उघडी पडलेला डांबरी थर, टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या पट्ट्या. इथे नुसतं चाक सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं. हा धक्का शॉकअपपर्यंत पोहोचण्याआधी ज्याने गिळायचा तो टायर. रस्त्याला टेकलेला पहिला स्प्रिंग तोच, बाकी सगळं त्याच्यानंतर येतं. आणि बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर सगळ्यात जास्त लागते, हे मोजमापाने सिद्ध झालेलं आहे. कडक टायर खालून येणारा असला धक्का जवळजवळ जसाच्या तसा पुढे ढकलतो.

मोठ्या धक्क्याची तक्रार नव्हतीच. म्हणजे एक लाख साठ हजार घालून शॉकअप बदलले असते, तर आक्कांचं सुई टोचणं तसंच राहिलं असतं.

मग मी त्यांच्या जागी जाऊन बसलो. मागे, डावीकडे. मामांना म्हटलं, तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुलावरून जाऊन या, मग पिरनवाडीपर्यंत, वेग चाळीसच्या आसपास ठेवा. पुलाच्या सांध्यांवर एकेक टक् असा आवाज थेट कमरेत यायचा. पिरनवाडीकडच्या ठिगळांवर तर मला आक्कांची सुई काय ते कळलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी मी एवढ्या वर्षांत कधी नीट विचारात घेतली नव्हती. आपला रस्ता डाव्या कडेला आधी तुटतो. पाणी तिकडे साचतं, साइडपट्टी खचते, केबलसाठी खोदलेला चर तिकडूनच जातो. गाडीची डावी चाकं दिवसभर त्या तुटक्या कडेवरून जातात आणि म्हातारी माणसं नेमकी डावीकडे बसतात, कारण ते दार फुटपाथकडे उघडतं. आक्कांना उजवीकडे बसवून बघू का, असं सावकारांनी विचारलं. म्हटलं, हायवेला उजव्या दाराने काठी टेकत उतरणं जास्त धोक्याचं. जागा तीच राहू दे, टायर बघू.

आता टायर. बाजूवर रनफ्लॅटची, म्हणजे हवा गेली तरी चालणाऱ्या टायरची, खूण होती आणि तारखेचे शेवटचे चार आकडे २३१७, म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गोटी अजून चार मिलिमीटर होती. कायद्याने मोटारीला १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही, त्या हिशेबाने टायर अजून बरेच चालणारे दिसत होते. लोक इथेच फसतात. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की गोटी असली तरी काढा, असं टायर कंपन्याच सांगतात. रबर नुसतं झिजत नाही, वाळतंही. आमच्या ओळखीचे एक जण उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचे सील बनवतात. त्यांच्याकडे रबराचा कडकपणा मोजायचं घड्याळासारखं हत्यार असतं. ते आणून लावलं. आक्कांच्या टायरच्या गोटीवर ७६ आलं, दुकानात ठेवलेल्या नव्या टायरवर ६४. सील बनवणारे म्हणाले, एवढा फरक असलेला सील मी गिऱ्हाइकाला देणार नाही.

पण मूळ कारण वय नव्हे, रनफ्लॅट असणं हे होतं. साधा टायर पंक्चर झाला की बाजू दुमडते आणि रिम खाली बसते. रनफ्लॅटच्या बाजूत आतून जाड रबराची भिंत घातलेली असते. हवा शून्य झाली तरी ती भिंत गाडी तोलून धरते, आणि ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येतं. चांगली गोष्ट आहे. पण जी भिंत हवेशिवाय पावणेदोन टनांची गाडी तोलते, ती हवा असतानाही वाकत नाही. टायरची बाजू वाकणं हाच तर बारीक धक्का गिळण्याचा मार्ग. त्यात जादा हवा आणि आठ वर्षांचं वाळलेलं रबर. तिन्ही एकत्र आल्यावर आक्कांच्या मणक्यापर्यंत वाट सरळ झाली.

सावकारांचा प्रश्न रास्त होता. "मग कंपनीने हेच का दिले? ती माणसं काय कमी शिकलेली आहेत?"

अजिबात नाहीत. त्यांनी वेगळा प्रश्न सोडवला होता. रात्री वेगवान रस्त्यावर उतरून चाक बदलायला लागू नये, डिकीत स्टेपनीची जागा आणि वजन वाचावं, पंक्चर झालं तरी गाडी गॅरेजपर्यंत जावी. गुळगुळीत, आखलेल्या रस्त्यावर बाजूचा कडकपणा एवढा जाणवतच नाही. गाडीच्या स्प्रिंगांचं गणितही त्याच टायरांभोवती बसवलेलं असतं. निपाणी-बेळगाव रस्त्यावर सहापदरीचं काम चालू असताना डायव्हर्जनच्या खडीवरून जाणारी, मागे डावीकडे फ्रॅक्चर झालेली बाई बसलेली गाडी, हा त्यांचा हिशेब नव्हता. तो आपण करायचा.

तीन वाटा होत्या. पहिली, त्याच मापाचे नवे रनफ्लॅट. भाव एकाला ३१ हजारांच्या घरात. परदेशी टायरच्या आयातीवर २०२० पासून परवान्याचं बंधन आहे, त्यामुळे असल्या मापाला थांबावंही लागतं. रबर ताजं मिळालं असतं, भिंत तीच राहिली असती.

दुसरी, अठरा इंची रिमवरच साधे टायर. चांगली वाट आहे, अनेकांना मी हीच सांगतो.

तिसरी थोडी खटपटीची. याच गाडीला कंपनी सतरा इंची रिमही देते आणि दाराच्या पट्टीवर त्यासाठी २२५/५५ आर१७ हे माप छापलेलं होतं. आकडे कागदावर मांडून सावकारांना दाखवले. २४५/४५ म्हणजे बाजूची उंची २४५ मिलिमीटर रुंदीच्या ४५ टक्के, ११० मिलिमीटर. २२५/५५ म्हणजे जवळपास १२४. रिम आणि रस्ता यांच्यात साडेतेरा मिलिमीटर जास्त रबर आणि हवा. आणि पूर्ण चाकाचा व्यास? अठरा इंचीचा ६७७.७ मिलिमीटर, सतरा इंचीचा ६७९.३. दीड मिलिमीटरचा फरक, पाव टक्काही नाही. स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, ब्रेकच्या एबीएस यंत्रणेला कळणारही नाही.

पुतण्या मध्येच म्हणाला, रिम तीच ठेवून २४५/५० घालू, उंचीही मिळेल आणि गाडी रुबाबदारही दिसेल. हे बरेच जण करतात म्हणून इथे थांबतो. त्या मापाचा व्यास ७०२ मिलिमीटर होतो, साडेतीन टक्क्यांहून जास्त. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी त्याहून जोरात असेल, पूर्ण स्टीअरिंग वळवून खड्ड्यात गेली की टायर आतल्या अस्तराला घासेल, आणि मुख्य म्हणजे ते माप कंपनीच्या पट्टीवर नाही. मी ते काम घेत नाही.

सावकारांना सतरा इंची चाक दिसायला लहान वाटेल याची चिंता होती. मी काही बोललो नाही. तेच थोड्या वेळाने म्हणाले, "दिसायला कुणाला दाखवायचंय? सतराच घाला."

टायर निवडताना दोन आकडे मी सोडले नाहीत. बाजूवर ९७ डब्ल्यू असं असायला हवं होतं. ९७ म्हणजे एका टायरने ७३० किलो पेलायचे, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० पर्यंतची क्षमता. निपाणीच्या रस्त्यावर कोणी २७० ने जात नाही, तरी कंपनीने जो दर्जा दिला त्याच्या खाली जायचं नाही. कमी दर्जाचा टायर तापतो वेगळा, ओझ्याखाली वागतो वेगळा. जात मात्र आरामाची घेतली. टायर कंपन्यांच्या दोन शाखा असतात, एक पकडीची आणि एक आरामाची. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट पहिल्या शाखेतला, प्रायमसी दुसऱ्या. ब्रिजस्टोनचा तुरांझा आणि योकोहामाचा ॲडव्हान डीबीही दुसऱ्याच घराण्यातले. त्यातला जो या मापात ताज्या तारखेचा मिळाला तो घेतला. तारीख चार महिन्यांच्या आतली असल्याशिवाय पैसे देऊ नका, असं मी सगळ्यांनाच सांगतो.

जुन्या कंपनी रिमा पुण्याहून पाच मागवल्या, जादाची एक स्टेपनीसाठी. बॅलन्सिंग मशीनवर फिरवून डायल लावला तर एक कडेला दीड मिलिमीटर डुलत होती. परत पाठवली, दुसरी आली. वापरलेली रिम न फिरवता घेऊ नये. वाकलेल्या रिमवर कितीही मऊ टायर चढवा, ऐंशीच्या पुढे थरथर राहतेच.

बसवायच्या दिवशी दुकानातल्या काट्यावर दोन्ही चाकं ठेवली. जुनं अठरा इंची चाक टायरसह २५ किलो ७००, नवं सतरा इंची २० किलो ९००. एका चाकामागे जवळजवळ पाच किलो कमी. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, त्यामुळे त्याचा हिशेब डिकीतल्या पाच किलोंसारखा नाही. हलकं चाक ठिगळावरून पटकन वर जातं आणि पटकन खाली येतं, शॉकअपला त्याला आवरायला कमी झगडावं लागतं. मऊ टायर आणि हलकं चाक, दोन्हींचा फायदा एकाच धक्क्यावर मिळतो.

चारही एकदम बदलले. रनफ्लॅट आणि साधे एकाच गाडीत मिसळायचे नाहीत. वळणावर पुढचं आणि मागचं वेगळं वागतं. हवा थंड असताना ३२ आणि ३५. कॅम्बर-टो, म्हणजे चाकांचा कल आणि दिशा, पाहिला, पुढचा टो किंचित बाहेर होता, तो जागेवर आणला. गाडीतली हवेची सूचना देणारी यंत्रणा नव्याने शून्यावर आणली. हे लोक विसरतात, आणि मग पंक्चर झालेलं दिव्याला कळतच नाही.

त्याच मार्गावर, त्याच वेगाने, पुन्हा डावीकडे मागे बसून फेरी मारली. पुलाचे सांधे अजून कळत होते, पण टक् चा ठप् झाला होता. आवाज गोल झाला, कमरेपर्यंत येत नव्हता. पिरनवाडीच्या ठिगळांवर गाडी जणू चप्पल काढून मोजे घालून चालत होती. काँक्रीटवरचा घुमारा इतका उतरला की मामांनी रेडिओ बारीक केला. स्पीडब्रेकरवर काहीही फरक नव्हता, आणि तो असायलाही नको होता.

एक गोष्ट गमावली आणि ती मामांनी प्रामाणिकपणे सांगितली. स्तवनिधीच्या घाटात वळण घेताना गाडी पहिल्यासारखी ताबडतोब वळत नाही, क्षणभर उशिरा ऐकते. उंच, मऊ बाजू आधी वाकते आणि मग गाडी वळते, त्यामुळे हे होणारच. आठवडाभरात त्यांचा हात बसला. कुणाला गाडी जोरात हाकायची हौस असेल तर मी त्याला ही वाट सांगणार नाही.

बिलाचं सांगायचं तर पाच टायर ८४ हजार, पाच रिमा ४५ हजार, एक लाख एकोणतीस. चार नवे रनफ्लॅट एक लाख चोवीस हजारांना पडले असते. जुन्या अठरा इंची रिमा सावकारांच्या वखारीत कापडात बांधून ठेवल्यात, गाडी विकताना उपयोगी पडतील.

आता पंक्चर. रनफ्लॅट काढले की ही चिंता येते आणि ती खोटी नाही. २०२० च्या केंद्रीय नियमानुसार ट्यूबलेस टायर, हवेची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य गाडीत असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. म्हणजे कायद्याची अडचण नव्हती. अडचण आक्कांची होती. डिकीत त्यांचा वॉकर आणि घडीची खुर्ची असते, या गाडीच्या डिकीत स्टेपनीचा खळगा नाही, आणि चाक आडवं टाकलं की खुर्ची मावत नाही. शेवटी ठरलं असं: निपाणी, कोल्हापूर, बेळगाव या हायवेला पाचवं चाक घरी ठेवायचं, कारण तिथे दर काही किलोमीटरवर पंक्चरवाला आहे. सोबत बॅटरीवर चालणारा पंप आणि पंक्चरचं साहित्य. पण जांबोटीवरून चोर्ल्याने गोव्याला किंवा आंबोलीने सावंतवाडीला जायचं असेल तर चाक डिकीत बांधूनच निघायचं. चोर्ल्याच्या जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, पावसाळ्यात धुकं उतरतं, तिथे म्हाताऱ्या माणसाला घेऊन अडकणं नको. पट्ट्याने बांधायचं, नुसतं ठेवायचं नाही. ब्रेक लागला की वीस किलोचं चाक मागच्या सीटवर आदळतं.

पाचव्या महिन्यात प्रसंग आलाच. संकेश्वरजवळ मागच्या उजव्या टायरात स्क्रू गेला. दिवा लागला तेव्हा हवा चोवीसवर आली होती. मामांनी गाडी सर्व्हिस रस्त्याला घेतली, पंप लावून पस्तीस केली, आणि दोन किलोमीटरवरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने टायर काढून आतून मशरूम पॅच लावला. एकूण चाळीस मिनिटं गेली. रनफ्लॅट असता तर थेट घरी गेले असते, हे मान्यच करायला हवं. सावकारांचा मला फोन आला तेव्हा वाटलं आता बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, "आक्कांना विचारलं, परत जुने टायर घालू का? तर म्हणाली, चाळीस मिनिटं सावलीत बसायला मला काय होतंय?"

शून्य हवेवर चालवायचं नाही, हे मामांना तेव्हा पुन्हा बजावलं. रनफ्लॅटची सवय लागलेला माणूस दिवा लागला तरी पुढे जात राहतो. साध्या टायरवर तसं दोन किलोमीटर गेलं तरी आतली बाजू चिरडते, बाहेरून काही दिसत नाही, आणि पॅच मारून निघालेला टायर पुढे कधीतरी हायवेला फुटतो. दिवा लागला की थांबायचं. गाडीत आता एक छोटी वही आहे. दर सोमवारी सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, मामा स्वतःच्या गेजने चारही टायर मोजून लिहितात. पंपावरच्या पोराला आता ते आकडा सांगतात, विचारत नाहीत.

गेल्या पंधरवड्यात गाडी परत आली होती, नवे टायर ११ हजार किलोमीटर चालले. गोटी सहा मिलिमीटरच्या वर आहे, तीन टायर सारखे झिजलेत. डाव्या पुढच्याची आतली कड मात्र जरा जास्त खाल्ली गेलीय. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेली बुशची ती बारीक चीर आता रुंद झालीय, हाताने ढकललं की आर्म हलतो. आक्कांना विचारलं, तर म्हणाल्या सुई गेली, पण ब्रेक दाबला की डावीकडून कुठेतरी कुर्र वाजतं. मागच्या सीटवरून त्यांना ते ऐकू येतं, मामांना पुढे येत नव्हतं. बुश मागवलाय. पुढच्या खेपेला त्या डॉक्टरांकडे आत गेल्या की गाडी रॅम्पवर घ्यायची आहे.